ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा कोणती घ्यावी? दूध संकलन केंद्राच्या हिशेबातून

गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहा-साडेसहाला रांग लागते. किटली पुढे सरकते, काट्यावर लिटर दिसतात, नमुना मशीनखाली जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, त्यावरून दर ठरतो आणि पावती हातात पडते. दहा दिवसांनी या पावत्यांची बेरीज होते, त्यातून पेंडीचे आणि उचलीचे पैसे कापले जातात, आणि उरतो तो दुधाचा पगार. काही वर्षांपूर्वी अशा एका केंद्रासाठी मी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या व्याख्या मला कॉलेजपासून पाठ होत्या. त्या कशासाठी आहेत हे त्या केंद्रावर कळलं.

इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हमखास विचारतात, "सर, जावा करू की पायथन?" त्यांना एका शब्दात उत्तर देणं मला कधीच जमलं नाही. म्हणून हे सविस्तर.

आधी ऑब्जेक्ट म्हणजे काय ते पाहू. साध्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिला की माहिती एकीकडे राहते आणि तिच्यावर करायची कामं दुसरीकडे. एका यादीत नावं, दुसरीत लिटर, तिसरीत फॅट. दर काढायचं सूत्र पावती छापताना एकदा लिहिलेलं, बिल करताना पुन्हा, संघाला अहवाल पाठवताना तिसऱ्यांदा. सूत्र बदललं की तिन्ही जागा आठवून बदलायच्या. एक जरी राहिली तरी पावतीवर एक रक्कम आणि बिलात दुसरी. गावात अशी तफावत एकदा झाली की लोक पुढे वर्षभर प्रत्येक पावती घरी जाऊन ताडून पाहतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

ऑब्जेक्टमध्ये माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेली असतात. 'दूध नोंद' हा आपला ऑब्जेक्ट धरा. त्याच्याकडे लिटर आहेत, फॅट आहे, एसएनएफ आहे, आणि आपली रक्कम कशी काढायची हेही त्यालाच माहीत आहे. बाकीच्या प्रोग्रॅमने फक्त विचारायचं, "तुझी रक्कम किती?" सूत्र एकाच जागी राहतं. क्लास म्हणजे या नोंदीचा कोरा छापील फॉर्म, आणि ऑब्जेक्ट म्हणजे अमक्याच्या नावाने आज सकाळी भरलेला फॉर्म.

या विषयात चार शब्द परीक्षेसाठी पाठ करून घेतात. त्यातल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्शनबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही. वर जे केलं तेच ते: आतलं सूत्र झाकून बाहेर फक्त 'रक्कम किती' एवढंच विचारू देणं. एन्कॅप्सुलेशन म्हणजे पावती छापल्यावर फॅटचा आकडा बाहेरून कुणाला बदलता येऊ नये अशी सोय. पॉलिमॉर्फिझम हा त्यातला सर्वांत कामाचा शब्द. गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात, म्हशीचा ६ आणि ९ धरून. दोन्हींची दरपत्रकं वेगळी. बिल करणाऱ्या भागाने मात्र समोरचं दूध कुठलं हे पाहायचंच नाही. त्याने रक्कम विचारायची, आणि ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने सांगायची. उद्या शेळीचं दूध सुरू झालं तरी बिलाच्या भागाला हात लावावा लागत नाही.

राहिला चौथा शब्द, इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याची माहिती आणि पद्धती वारशाने घेणं. तिथे मी स्वतः फसलो, म्हणून जरा थांबतो. पुस्तकात असतं तसं मी 'दूध' हा पालक क्लास केला आणि 'गाईचं दूध', 'म्हशीचं दूध' ही त्याची दोन लेकरं. दिसायला छान. मग मिश्र दूध आलं. ते कुणाचं लेकरू? दोघांचंही म्हणावं, तर दोन्ही पालकांचा पालक एकच, आणि दर काढण्याची पद्धत कुणाकडून घ्यायची हा वाद. याला डायमंड प्रॉब्लेम म्हणतात. सी प्लस प्लस आणि पायथन दोन पालक चालवून घेतात. पायथनमध्ये कुणाला आधी विचारायचं याचा क्रम नियमाने ठरलेला आहे. सी प्लस प्लसमध्ये तो गुंता लिहिणाऱ्याने सोडवायचा. जावा आणि सी शार्पमध्ये क्लासला पालक क्लास एकच. मात्र इंटरफेस, म्हणजे 'मी अमुक काम करून देईन' असे करार, हवे तेवढे.

खरी चूक माझ्या विचारात होती. दुधाचा दर त्याच्या जन्मावरून ठरत नाही, त्याला लावलेल्या दरपत्रकावरून ठरतो. नोंदीच्या आत दरपत्रक हा वेगळा ऑब्जेक्ट ठेवला आणि सगळं सुटलं. मिश्र दूध आलं, मिश्रचं दरपत्रक दिलं. याला कंपोझिशन म्हणतात: रक्ताचं नातं न जोडता सोबतीला घेणं. गो ही २००९ साली जाहीर झालेली भाषा आणि २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट, या दोघींनी क्लासचा इनहेरिटन्स ठेवलाच नाही. कुठल्याही भाषेत पालक-लेकरांची तीन-चार पिढ्यांची वंशावळ दिसली तर ती भाषेची ताकद समजू नका. बहुतेक वेळा ती पुढच्या माणसाची डोकेदुखी असते.

आता भाषांकडे. मी निवड करताना एकच प्रश्न मध्यभागी ठेवतो: माझ्या हातून चूक झाली तर ती कुणाला कळेल, आणि कधी? मी लिहीत असताना कम्पायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनला चालेल अशा रूपात बदलणाऱ्या साधनाला? चाचणी घेताना मला? की पहाटे खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला?

एक साधी गोष्ट घ्या. फॅट मोजणाऱ्या मशीनकडून वायरीने कॉम्प्युटरकडे आकडा येतो, पण तो अंकांच्या रूपात नसतो, अक्षरांच्या रूपात असतो. '४.२' असं लिहिलेलं. ते आकड्यात बदलायला मी विसरलो असं समजा. जावा, सी शार्प, कोटलिनमध्ये फॅट म्हणजे आकडा असं आधी जाहीर केलेलं असतं, म्हणून कम्पायलर तिथेच थांबवतो. प्रोग्रॅम तयारच होत नाही. पायथन तयार होऊ देतो. मग त्या अक्षरांत १ मिळवायला गेलो तर चालता चालता थांबतो, पण त्यांना ३ ने गुणलं तर निमूटपणे '४.२४.२४.२' असं तीनदा लिहून देतो. जावास्क्रिप्ट गुणाकारात त्याला आकडा मानून जवळजवळ १२.६ देते, आणि बेरजेत ३ मिळवले तर '४.२३' करून देते, म्हणजे ७.२ च्या जागी ४.२३. हे शेवटचं सर्वांत वाईट, कारण उत्तर चुकीचं असूनही दिसायला फॅटसारखंच आहे.

स्पेलिंगचंही तसंच. पायथनमध्ये नोंदीच्या फॅटला किंमत देताना नावात एक अक्षर चुकलं, तर साध्या क्लासमध्ये तो तक्रार करत नाही. त्या चुकीच्या नावाचा नवा कप्पा उघडून देतो. जुना कप्पा जुनाच आकडा धरून बसतो. खासगी माहितीसुद्धा तिथे शिष्टाचारावर चालते: नावाआधी अंडरस्कोर लावला की इतरांनी हात लावू नये असा संकेत, दाराला कुलूप नाही. पायथनचं हे मोकळेपण मला आवडतं, मी रोज वापरतो. पण ते मोकळेपण म्हणजे पहारा आपण द्यायचा, हे ठाऊक असायला हवं. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून पायथनमध्ये टाइप हिंट (कुठली किंमत आकडा, कुठली अक्षरं, हे आधी सांगणारी खूण) लिहिण्याची ठरलेली पद्धत आली, आणि मायपायसारखी साधनं त्या वाचून चुका आधी दाखवतात. लहान स्क्रिप्टपलीकडे काही लिहिणार असाल तर त्या लिहाच.

भाषा अशा वेगवेगळ्या का झाल्या, हे त्यांच्या जन्मकथांतून उमगतं. प्रत्येकीच्या मागे कुणाची तरी ठसठसणारी अडचण आहे.

क्लास आणि ऑब्जेक्ट यांची सुरुवात नॉर्वेत ओस्लोला झाली. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांना जहाजं, रांगा, कारखाने यांचा कारभार कॉम्प्युटरवर चालवून पाहायचा होता. त्यासाठी केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास होते, इनहेरिटन्स होतं. संकलन केंद्राची रांग त्यांनी पाहिली असती तर लगेच ओळखली असती. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग यांनी १९७० च्या दशकात स्मॉलटॉक घडवली. केच्या डोळ्यांसमोर शरीरातल्या पेशी होत्या: प्रत्येक पेशी स्वतंत्र, आणि एकमेकींना निरोप पाठवणाऱ्या. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नावही त्याचंच.

बियार्न स्ट्रॉस्ट्रुपला केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युलात विचार करणं सोपं गेलं, पण प्रोग्रॅम फार हळू चालायचा. बीसीपीएल भाषेत तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. वेग मिळाला, मात्र लिहिण्याची सुखसोय गेली. पुढे बेल लॅब्जमध्ये १९७९ साली त्याने सी भाषेला क्लास जोडायला घेतले, आणि १९८३ मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळालं. जे वापरलं नाही त्याची किंमत मोजायची नाही, हा तिचा बाणा. तो कुठपर्यंत जातो पाहा: लेकराने पालकाची पद्धत बदलली असली, तरी 'व्हर्च्युअल' हा शब्द आधी लिहिला नसेल तर पालकाच्या पॉइंटरमधून (ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता) पालकाचीच पद्धत चालते. म्हणजे माझी पहिली रचना सी प्लस प्लसमध्ये असती आणि तो एक शब्द विसरला असता, तर म्हशीच्या दुधाला मूळ क्लासचा दर लागला असता, आणि कम्पायलरने हूं की चूं केलं नसतं. जावात ही काळजी नाही. तिथे साधी पद्धत आपोआप बदलता येण्याजोगी असते. पायथनमध्येही तसंच.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंगच्या गटाने १९९१ पासून घरगुती उपकरणांसाठी ओक नावाची भाषा केली; १९९५ मध्ये ती जावा म्हणून बाहेर आली. तिथे अडचण अशी की प्रत्येक उपकरणात वेगळी चिप. म्हणून जावाचा कम्पायलर थेट चिपची भाषा लिहीत नाही, बाइटकोड लिहितो, आणि जिथे तिथे बसवलेलं व्हर्च्युअल मशीन तो चालवतं. वापरून झालेली मेमरी गोळा करण्याचं कामही तेच करतं. पायथनचा जनक गीदो व्हान रोसम अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत होता; १९८९ च्या डिसेंबरात त्याने काम सुरू केलं, १९९१ मध्ये पहिली आवृत्ती दिली. वाचायला सोपी आणि पटकन लिहून होणारी भाषा त्याला हवी होती. तीस वर्षांनंतरही पायथनच्या स्वभावात हेच दोन गुण सर्वांत वर आहेत.

सी शार्प मायक्रोसॉफ्टची, अँडर्स हेल्सबर्गच्या देखरेखीखाली झालेली, २००० मध्ये जाहीर झालेली. स्वभावाने जावाच्या जवळची, पण एका बाबतीत हिशेबाच्या माणसाला ती जास्त जवळची वाटते. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक सहसा बायनरी पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. शेपटाला कुठेतरी क्षुल्लक फरक राहतो. हजार पावत्यांच्या बेरजेत तो पैशात उतरू शकतो. सी शार्पमध्ये 'डेसिमल' हा प्रकार भाषेतच आहे आणि त्यावर नेहमीची अधिक-उणे चिन्हं चालतात. पायथनमध्ये त्यासाठी सोबत येणारं डेसिमल मॉड्यूल आहे, तिथेही चिन्हं चालतात. जावात बिगडेसिमल आहे, पण त्याला चिन्हं लावता येत नाहीत. बेरीज, गुणाकार असे शब्द लिहून बोलवावे लागतात, आणि दराचं एक ओळीचं सूत्र वाचताना दम लागतो. मी शेवटी सगळ्या रकमा पैशांच्या पूर्णांकात ठेवल्या. तो उपाय सगळ्याच भाषांत चालतो.

वीज गेली की आणखी एक प्रश्न. लिटर मोजले, पण फॅट मोजली गेली नाही. मग फॅटच्या जागी काय? शून्य लिहिलं तर शेतकऱ्याने फुकट दूध घातल्यासारखं होईल. रिकामं ठेवलं, म्हणजे 'नल', तर पुढे कुणी न पाहता गणित करायला गेलं की प्रोग्रॅम कोसळणार. ही नलची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणली, आणि २००९ मध्ये तिला स्वतःच 'अब्ज डॉलरची चूक' म्हटलं. कोटलिन आणि स्विफ्ट या नव्या भाषा इथे कडक आहेत: एखादी किंमत रिकामी असू शकते असं आधी जाहीर करावं लागतं, आणि रिकामी असल्यास काय करायचं हे लिहिल्याशिवाय कम्पायलर पुढे जाऊ देत नाही. 'मोजायची राहिली' ही नोंदीची खरीखुरी अवस्था आहे. भाषेने ती विसरू दिली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

हे सगळं झालं तरी पुष्कळदा भाषा आपण निवडत नाही, कामाची जागा निवडते. अँड्रॉइडचं अ‍ॅप म्हणजे कोटलिन किंवा जावा. गूगलने २०१९ पासून कोटलिनला पहिला मान दिला आहे. आयफोनसाठी स्विफ्ट. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, आणि मोठं काम असेल तर टाइपस्क्रिप्ट. गेम करायचे असतील तर युनिटीत सी शार्प, अनरिअलमध्ये सी प्लस प्लस. फॅट मोजणाऱ्या मशीनच्या आतल्या चिमुकल्या चिपसाठी सी किंवा सी प्लस प्लस. डेटाचं विश्लेषण, मशीन लर्निंग यांसाठी पायथन. बँका आणि विमा कंपन्यांची कामं करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जावा आणि सी शार्पची मागणी मोठी आहे. यातलं एखादं काम ठरलेलं असेल तर वाद घालत बसू नका, ती भाषा घ्या.

काहीच ठरलेलं नसेल त्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे बारावीच्या बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलांची ऑब्जेक्टशी पहिली ओळख सी प्लस प्लसमधून झालेली असते, आणि कित्येकांची ती निळ्या पडद्याच्या टर्बो सी प्लस प्लसवर. ते साधन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, २०११ मध्ये तर भाषा जवळजवळ नव्याने घडली. 'आयओस्ट्रीम डॉट एच' आणि 'व्हॉइड मेन' लिहायला शिकलेलं मूल आजच्या कम्पायलरसमोर बसतं आणि पहिल्याच ओळीला अडतं. मग त्याला वाटतं, आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. हे पाहून मला वाईट वाटतं. त्या मुलाचं काहीही चुकलेलं नसतं. तुम्ही त्यातले असाल तर सी प्लस प्लसला त्या निळ्या पडद्यावरून जोखू नका, आणि स्वतःलाही नाही.

माझं मत विचाराल तर सुरुवात पायथनने करा. पहिल्याच आठवड्यात नोंद, दरपत्रक, खातेदार असे ऑब्जेक्ट उभे राहतील आणि चालताना दिसतील. पण तिथेच घर करू नका. चार-सहा महिन्यांत जावा, सी शार्प किंवा कोटलिन यांतली एक कडक भाषा हाती घ्या. करार आधी लिहायचा, टाइप आधी सांगायचे, ही शिस्त त्याशिवाय अंगात येत नाही, आणि ती आली की तुमचा पायथनसुद्धा सुधारतो. सी प्लस प्लस त्यानंतर, मेमरीशी खरंच काम पडेल तेव्हा.

आणि दोन भाषांत अडला असाल तर एक परीक्षा घ्या. संकलन केंद्राचा हाच छोटा हिशेब दोन्ही भाषांत लिहा. दोन शनिवार-रविवार पुरतात. लिहून झाल्यावर तुलना करू नका, अजून एक पायरी आहे. एक बदल करा: दरपत्रक महिन्याच्या मध्येच बदललं, ११ तारखेपासून नवा दर, जुन्या नोंदींना मात्र जुनाच. म्हणजे दर विचारताना आता तारीखही द्यायला हवी. हा बदल करताना भाषा तुम्हाला काय सांगते ते पाहा.

मी हे केलं आहे. केंद्राचा प्रोग्रॅम पायथनमध्ये होता, टाइप हिंट नव्हत्या, आणि शिकवण्यासाठी तोच मी जावातही लिहून ठेवला होता. जावात दराच्या पद्धतीला तारीख जोडली, कम्पाइल केलं, आणि जुन्या पद्धतीने दर विचारणाऱ्या सातही जागा लाल होऊन समोर आल्या. पायथनमध्ये मी शोधून शोधून सहा बदलल्या आणि सगळं चालून पाहिलं. सातवी जागा हरवलेल्या बिलाची दुसरी प्रत छापण्याची होती. ती तीन आठवडे कुणी मागितलीच नाही. मग एका सकाळी एक आजी बिल हरवलं म्हणून खिडकीशी आल्या, सचिवांनी बटण दाबलं, आणि प्रोग्रॅम बंद पडला. मागे वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन उभी होती.

त्याच दुपारी मी टाइप हिंट लिहायला बसलो.